कोडं भरलं, पण गुप्त ठिकाण काही जुळेना

प्रवासावरच्या शब्दकोड्यात हमखास येणारी अडचण म्हणजे ही. एखादा कोपरा सोडला तर आडवे-उभे सगळे शब्द भरून झालेत, आणि खुणेची घरं ओळीने वाचली की निघतं 'जामरकद'. असं गाव जगाच्या पाठीवर कुठेच नाही. मग वैतागून अख्खं कोडं खोडायला घेतलं जातं, नाहीतर सरळ उत्तराचं पान उघडलं जातं. दोन्हीची गरज नसते. गुप्त ठिकाण जुळत नाही तेव्हा बहुतेक वेळा एखाद-दुसऱ्या घरातलं अक्षर चुकलेलं असतं, आणि ते घर कोणतं हे विचार करून शोधता येतं.

या प्रकारच्या कोड्याची रचना ठाऊक असेलच. नेहमीसारखे आडवे-उभे शब्द, बहुतेक शोधसूत्रं शहरं, देश, नद्या, बेटं यांवर, आणि काही घरांना गोल किंवा छटा दिलेली. त्या घरांतली अक्षरं जोडली की शेवटचं ठिकाण मिळतं. खाली जे सांगतोय ते खुणेच्या घरांपुरतंच आहे. बाकीच्या घरांत चूक असली तरी गुप्त ठिकाणाला तिचा त्रास होत नाही, म्हणून तिकडे आधी वेळ घालवू नका.

आधी घरांची विभागणी करा

ज्या घरातून आडवा आणि उभा असे दोन्ही शब्द जातात त्याला दुहेरी घर म्हणूया, आणि ज्यातून एकच शब्द जातो त्याला एकेरी. दुहेरी घरातलं अक्षर दोन शोधसूत्रांनी सांगितलेलं असतं. एकेरी घरातल्या अक्षराला साक्षीदार नसतो. तिथे चुकीचा शब्द लिहिला तरी कोडं तक्रार करत नाही, आणि शेवटी 'जामरकद' समोर येईपर्यंत काही कळत नाही.

मराठी कोड्यात एकेरी घरं जास्त असतात, आणि त्याला कारण आहे. २१ डिसेंबर १९१३ च्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये आर्थर विनचं शब्दकोडं छापून आलं तेव्हा एका घरात एक रोमन अक्षर इतका साधा हिशेब होता. पुढे अमेरिकी पद्धतीच्या कोड्यांत तर प्रत्येक अक्षर आडवं आणि उभं दोन्हीकडून तपासलं जावं असा दंडकच झाला. आपल्याकडे एका घरात अख्खं अक्षर बसतं, काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरासकट. 'स्तं' किंवा 'द्रि' हे अक्षर आडव्या शब्दात आलं की उभ्या शब्दातही तेच हवं. असे शब्द सगळीकडे मिळत नाहीत, म्हणून कोडं रचणारा मध्ये काळी घरं टाकतो आणि ते अक्षर एकटं पडतं. परदेशी नावांत जोडाक्षरं आणि अनुस्वार भरपूर, त्यामुळे प्रवासाच्या कोड्यात हे आणखीच वाढतं.

म्हणून पहिलं काम असं: खुणेचं प्रत्येक घर बघा आणि एकेरी घरांखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारा. संशय तिथूनच सुरू करायचा.

'जामरकद' उलगडताना

एक उदाहरण पूर्ण करून बघू. कोड्याचं शीर्षक 'रेशमी वाटेवर'. खुणेची घरं पाच, प्रत्येकाच्या कोपऱ्यात १ ते ५ हा क्रम.

पहिलं अक्षर येतं तीन घरांच्या आडव्या शब्दातून: 'नायजेरियाची १९९१ पर्यंतची राजधानी'. भरलंय 'अबुजा', शेवटचं घर खुणेचं, म्हणून 'जा'. दुसरं अक्षर 'निळी आणि पांढरी नाईल जिथे एकत्र येतात ते शहर', म्हणजे 'खार्टूम', त्यातलं 'म'. तिसरं 'लवंगांसाठी प्रसिद्ध असलेला टांझानियाचा द्वीपसमूह', 'झांझिबार', त्यातलं 'र'. चौथं 'अंगकोर वाट पाहायला या देशात जावं लागतं', भरलंय 'कम्बोडिया', त्यातलं पहिलं घर 'क'. पाचवं 'प्राडो संग्रहालयाचं शहर', 'माद्रिद', शेवटचं 'द'.

आता विभागणी. खार्टूमच्या 'म'पासून खाली 'मनिला' सुरू होतं, फिलिपिन्सची राजधानी. दोन्ही शोधसूत्रं पक्की, म्हणजे 'म' पक्का. झांझिबारच्या 'र'पासून खाली 'रशिया', ट्रान्स-सायबेरियन रेल्वेचा देश. तोही पक्का. माद्रिदच्या 'द'पासून 'दमास्कस'. तीन अक्षरांना हात लावायचं कारण नाही. उरली पहिलं आणि चौथं, आणि दोन्ही घरं एकेरी आहेत. पाच संशयितांचे दोन झाले, तेही कुठलंच शोधसूत्र पुन्हा न वाचता.

आता फक्त त्या दोन शब्दांची शोधसूत्रं सावकाश वाचा. 'नायजेरियाची १९९१ पर्यंतची राजधानी'. यातला 'पर्यंतची' हा शब्द नजरेतून निसटला की हात आपोआप 'अबुजा' लिहितो, कारण आजची राजधानी तीच. १९९१ पर्यंतची राजधानी लागोस. अबुजाही तीन घरांचं, लागोसही तीन घरांचं, म्हणून जागेने काही बोंब मारली नाही. पण कोड्यात एक खूण होतीच. त्या शब्दाच्या मधल्या घरातून खाली दोन घरांचा उभा शब्द जात होता, 'मंगोलिया आणि चीनमध्ये पसरलेलं वाळवंट', आणि तो सुटलेला नव्हता. 'बु'ने सुरू होणारं वाळवंट कुठून मिळणार? लागोस लिहिलं की मधलं घर 'गो' होतं आणि खाली 'गोबी' सहज बसतं.

हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कोड्यात एखादा सोपा दिसणारा शब्द सुटत नसेल, तर तो अवघड असण्यापेक्षा त्याला छेदणारा शब्द चुकलेला असण्याची शक्यता मोठी. रिकामी राहिलेली जागा ही चुकीच्या पत्त्याची सर्वांत चांगली खूण असते. खुणेचं घर एकेरी असलं तरी त्याच शब्दातलं दुसरं एखादं घर दुहेरी असतं, तिथे डोकावून बघायचं.

पहिलं अक्षर 'स' झालं. आता वाचलं जातं 'समरकद'. इथे मोह होतो की 'क'वर टिंब देऊन मोकळं व्हावं. देऊ नका. तो अनुस्वार शब्दातून आला पाहिजे, आपल्या इच्छेतून नव्हे. 'कम्बोडिया' आणि 'कंबोडिया' हे दोन्ही नीट मोजा. क, म्बो, डि, या अशी चार घरं. कं, बो, डि, या अशीही चारच. घरांची संख्या तीच, पण 'कम्बोडिया' लिहिताना अनुनासिक पहिल्या घरातून दुसऱ्या घरात सरकला. शेवटच्या 'या'पासून खाली 'यात्रा' जात होता, तो दोन्ही रूपांत बसतो, म्हणून चूक झाकली गेली. 'कंबोडिया' लिहिलं की चौथं घर 'कं' होतं, आणि समोर येतं समरकंद. रेशीम मार्गावरचं शहर, तैमूरची राजधानी, रेगिस्तान चौक आणि उलूग बेगची वेधशाळा तिथलीच. शीर्षकाशी नातं लागलं. आता पेनने लिहायला हरकत नाही.

अनुस्वाराची गोष्ट थोडी पुढे नेऊ, कारण मराठी कोड्यात सर्वांत जास्त अडतं ते इथेच. परदेशी नावात अनुनासिक आला की आधी शीर्षबिंदू देऊन बघायचा: लंडन, इस्तंबूल, टोरंटो, किलिमांजारो. मराठीची लिहायची रीतच ती आहे, आणि कोडं रचणारे बहुधा तीच पाळतात. अपवाद दोन. एक, 'स'च्या आधीचा 'न'. आपण 'फ्रान्स', 'अथेन्स', 'फ्लॉरेन्स' असंच लिहितो, कारण 'फ्रांस' लिहिलं तर मराठी जिभेला 'संस्था'मधला उच्चार ऐकू येतो. त्यामुळे अथेन्सचं शेवटचं घर 'न्स' आहे, नुसता 'स' नाही, आणि गुप्त ठिकाणात 'स' हवा असेल तर तो अथेन्समधून येणार नाही. दुसरा अपवाद खरोखरच्या द्वित्ताचा, म्हणजे तेच व्यंजन दोनदा येण्याचा: 'अम्मान', 'व्हिएन्ना'. तिथे टिंब चालत नाही.

जुळी उत्तरं

अबुजा-लागोससारख्या जोड्या प्रवासाच्या कोड्यात वारंवार भेटतात. दोन नावं, घरं सारखीच, आणि दोन्ही त्या शोधसूत्राला वरवर लागू. एकेरी घरात यातलं चुकीचं नाव बसलं की गुप्त ठिकाण गेलंच.

राजधान्या हे यांचं मुख्य माहेरघर. कॅनडाची राजधानी तीन घरांत हवी असेल तर मनात आधी टोरंटो येतं, पण राजधानी ओटावा, आणि तेही तीन घरांचं. न्यूझीलंडचं ऑकलंड चार घरांचं, आणि राजधानी वेलिंग्टनही चार घरांची. ऑस्ट्रेलियात मात्र घरंच वाचवतात, सिडनी तीन आणि कॅनबेरा चार. तुर्कस्तानातही तसंच, इस्तंबूल चार, १९२३ पासूनची राजधानी अंकारा तीन. शोधसूत्रात 'राजधानी' लिहिलंय की 'सर्वांत मोठं शहर', हे दोनदा वाचायची सवय लावून घ्या.

जुनी-नवी नावं तर याहून फसवी. सिलोन तीन घरं, श्रीलंका तीन घरं, नाव बदललं १९७२ मध्ये. पर्शिया तीन, इराण तीन, बदल १९३५ चा. ब्रह्मदेश चार, म्यानमार चार. पेकिंग आणि बीजिंग दोन्ही तीन, त्यात शेवटचं 'ग' समान, म्हणजे उभा शब्द नेमका त्या घरातून जात असेल तर चूक कधीच कळणार नाही. शोधसूत्रात 'एकेकाळी', 'पूर्वीचं', 'जुन्या नकाशावर', 'च्या काळात' असं काही असेल किंवा साल दिलेलं असेल, तर जुनं नाव. असं काहीच नसेल तर आजचं नाव. कझाकस्तानच्या राजधानीचं नाव २०१९ मध्ये नूर-सुलतान झालं आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना झालं, तेव्हा कोडं कधी छापलं गेलं हेही कधीकधी बघावं लागतं. जुन्या अंकांतली कोडी संग्रहातून काढून सोडवणाऱ्यांनी तर पहिल्यांदा वर्षच बघावं.

आणि एक प्रकार आहे जो चांगल्या चांगल्या सोडवणाऱ्यांना अडकवतो, तो म्हणजे एका मात्रेचा फरक. ग्रानाडा स्पेनमध्ये, अल्हम्ब्रा राजवाडा तिथे. ग्रेनाडा कॅरिबियन समुद्रातला बेटांचा देश. दोन्ही तीन घरं, फरक पहिल्या घरात 'ग्रा' की 'ग्रे' इतकाच. माले मालदीवची राजधानी, माली आफ्रिकेतला टिंबक्टूचा देश. ओमान आणि अम्मान, जॉर्डन आणि जॉर्जिया यांत फरक मात्रेहून जास्त, पण गोंधळ तोच. ही नावं अंदाजाने लिहायची नाहीत. शोधसूत्रातली दुसरी एखादी गोष्ट, राजवाडा, समुद्र, खंड, पकडायची आणि नकाशाशी ताडून मगच लिहायची.

घरं मोजताना

काही वेळा बरोबर उत्तर डोक्यात असतं पण घरांत मावत नाही, म्हणून ते बाजूला पडतं आणि तिथे काहीतरी ओढूनताणून बसवलं जातं. मोजणीच्या दोन जागा विशेष सांभाळायच्या.

पहिली रफार. 'बर्लिन'मधला 'र' कागदावर 'लि'च्या डोक्यावर बसतो आणि घरही त्याच अक्षराचं घेतो. म्हणून ब, र्लि, न, तीन घरं. 'पर्थ' दोन, प आणि र्थ. मोठ्याने बोलताना 'ब-र-लिन' असं तुटतं आणि चार मोजले जातात. नाव उच्चारून मोजू नका, लिहून मोजा.

दुसरी जागा, जोडाक्षर करायचं की नाही याबद्दल एकमत नसलेली नावं. 'वेलिंग्टन' चार घरं, 'वेलिंगटन' पाच. 'वॉशिंग्टन' आणि 'वॉशिंगटन' यांचंही तेच. रचणाऱ्याने कोणतं रूप घेतलंय हे घरांच्या संख्येवरून ओळखायचं, आपलं रूप त्याच्यावर लादायचं नाही. दोन शब्दांच्या नावातली मोकळी जागा मोजत नाहीत: साओ पावलो म्हणजे सा, ओ, पा, व, लो, पाच घरं.

ऱ्हस्व-दीर्घाचं फार मनावर घेऊ नका. बहुतेक कोड्यांत छेदाच्या घरात 'पु' आणि 'पू' एकच धरतात. तरीही लिहिताना शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ ठेवला, जसं पेरू, माली, नैरोबी, तर गुप्त ठिकाण वाचताना डोळ्याला अडखळायला होत नाही.

अक्षरं बरोबर, तरी नाव नाही

सगळी घरं तपासून झाली, प्रत्येक अक्षर पक्कं, आणि तरी अर्थ लागत नाही. मग चूक वाचण्यात आहे.

छापील कोड्यात एकाच घरात दोन आकडे येऊ शकतात. एक शोधसूत्राचा, बहुधा वरच्या डाव्या कोपऱ्यात. दुसरा गुप्त ठिकाणातल्या क्रमाचा, बहुधा गोलात किंवा खालच्या कोपऱ्यात. या दोघांची गल्लत झाली की बरोबर अक्षरांचीही खिचडी होते. क्रमाचे आकडे दिलेलेच नसतील तर वरून खाली, डावीकडून उजवीकडे वाचून बघा. नंतर उलटं. तेही जमलं नाही तर अक्षरं फिरवून जुळवायची असतात, आणि तसं असेल तर सूचनेत 'जुळवा' किंवा 'योग्य क्रम लावा' असं कुठेतरी लिहिलेलं असतं.

फिरवून जुळवताना मराठीच मदतीला येते. समजा घरांत आलंय बू, ल, स्तं, इ. चार अक्षरांचे चोवीस क्रम होतात, पण सगळे लावून बघायची गरज नाही. मात्रेविना सुटा स्वर, इथला 'इ', बहुतेक वेळा शब्दाच्या सुरुवातीला येतो. मध्ये आला तर दुसऱ्या स्वराच्या लगेच मागे, जसं 'रिओ', 'इथिओपिया'. म्हणून आधी 'इ' पहिला ठेवून बघायचा. इस्तंबूल लगेच दिसतं. तसंच ण, ळ यांनी शब्द सुरू होत नाही. रफार असलेलं अक्षर पहिलं असू शकत नाही, म्हणजे र्टू, र्लि, र्थ कधीच सुरुवातीला नाहीत. ल्स, ग्ट, म्स्ट अशी जोडाक्षरंही मधली किंवा शेवटची. उलट ब्र, स्टॉ, प्रा, फ्रा दिसले की तेच पहिले असण्याची शक्यता दाट. एवढं केलं की दोन-तीनच क्रम उरतात.

काही कोड्यांत खुणेची घरं नसतातच, आडव्या उत्तरांची आद्याक्षरं क्रमाने घ्यायची असतात. इथे प्रश्न येतो की अक्षर मात्रेसकट घ्यायचं की मात्रा सोडून. समजा उत्तरं आहेत बर्लिन, गयाना, दुबई, दमास्कस. आद्याक्षरं ब, ग, दु, द. मात्रेसकट 'बगदुद' होतं, जे काही नाही. मात्रा बाजूला ठेवली की 'बगदद', आणि मग बगदाद दिसतं. व्यंजनं क्रमाने बरोबर लागत असतील आणि फक्त एखादी मात्रा आडवी येत असेल, तर आपली उत्तरं बरोबर आहेत असं समजायला हरकत नाही. आधी कोड्याखालची बारीक टीप वाचा, 'काना-मात्रा विचारात घेतलेली नाही' असं वाक्य बहुधा तिथेच सापडतं. मात्र जिथे मात्रेवरच ठिकाण ठरतं, म्हणजे पुन्हा माले की माली, तिथे ही सवलत घेता येत नाही. तिथे शीर्षक आणि विषय बघून ठरवायचं. समुद्राबद्दलच्या कोड्याचा शेवट मालीत होणार नाही, कारण त्या देशाला किनाराच नाही.

शेवटचा प्रकार मला सगळ्यांत आवडतो, आणि सोडवणारे सगळ्यांत जास्त चुकतात तेही त्यातच. ठिकाण अक्षरांत लपलेलं नसून उत्तरांच्या नात्यात असतं. कोड्यातले चार ठळक शब्द निघाले व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट, बेलग्रेड. यांची आद्याक्षरं, अंत्याक्षरं, तिरकी घरं, काहीही जोडा, हाती काही येणार नाही. पण या चार राजधान्या एकाच नदीवर आहेत, डॅन्यूबवर, आणि याच क्रमाने प्रवाहाबरोबर खाली येतात. प्रवासाचा शेवट तिथे, जिथे डॅन्यूब मिळते: काळा समुद्र. शोधसूत्राऐवजी फक्त 'वाट पकडून शेवटपर्यंत जा' असं काही लिहिलेलं असेल तर कागदावरची अक्षरं सोडून नकाशा उघडा.

फोनवर सोडवत असाल तर

अक्षर डोळ्याला बरोबर दिसतं, तरी घर लाल होतं. हे देवनागरी टंकनामुळे होतं. 'ॲ' हे अक्षर दोन तऱ्हांनी तयार होतं: एक स्वतंत्र अक्षर म्हणून, आणि एक 'अ'ला चंद्र जोडून, मध्ये न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते वेगळे वाटू शकतात. 'ऱ्या'मधल्या अर्ध्या 'र'चंही असंच आहे. दुसरीकडून नक्कल करून चिकटवलेल्या शब्दांत हे जास्त होतं. घर पूर्ण रिकामं करून, त्याच कळफलकावरून अक्षर पुन्हा टाइप करा. तरी जमलं नाही तर दुसऱ्या कळफलकाने टाकून बघा. अनुस्वार मात्रेच्या आधी दाबला गेला तरी असाच घोटाळा होतो, म्हणून 'स्तां' लिहिताना काना आधी, टिंब नंतर.

ठिकाण आधी ओळखलं तर

विषयावरून गुप्त ठिकाण लवकर सुचलं, तर ते वापरायला हरकत नाही, पण उलट्या दिशेने तपासूनच. समरकंद सुचलं म्हणून पहिल्या घरात 'स' घालायचा आणि मग 'नायजेरियाची १९९१ पर्यंतची राजधानी'ला शेवटी 'स' येतो का हे बघायचं. येतो, लागोस. 'कं'ने सुरू होणारा चार घरांचा अंगकोर वाटचा देश आहे का? आहे. प्रत्येक खुणेचं घर असं आपल्या शोधसूत्राकडे परत गेलं पाहिजे. एक जरी जात नसेल तर सुचलेलं ठिकाण चुकीचं असू शकतं, कितीही सुंदर जुळत असलं तरी.

नावांच्या खात्रीसाठी चांगल्या नकाशासंग्रहाची सूची आणि मराठी विश्वकोश, एवढं पुरतं. विश्वकोशाचे खंड अनेक दशकांत तयार झाले असल्यामुळे काही नोंदींत त्या काळची नावं भेटतात, आणि 'पूर्वीचं नाव' मागणाऱ्या शोधसूत्राला तीच उपयोगी पडतात.

कधीकधी मात्र चूक कोड्याचीच असते. ओळखायचं असं: एकाच दुहेरी घरातून जाणारे दोन्ही शब्द नकाशावर ताडून पाहिले, दोन्ही निर्विवाद बरोबर, तरी घरात अक्षरं वेगळी येतात. आधी दोन्ही नावांची पर्यायी रूपं लिहून बघा, वेलिंग्टन-वेलिंगटनसारखी, कारण निम्म्या भांडणांचा निकाल तिथेच लागतो. कोणतंच रूप बसत नसेल तर छपाईत घर सरकलंय किंवा रचणाऱ्याची नजरचूक आहे. अशा वेळी त्या घरात दोन्ही अक्षरं बारीक लिहून ठेवा, आणि गुप्त ठिकाण आधी एक अक्षर घेऊन, मग दुसरं घेऊन वाचा.